दोनशे एकतीस वाढदिवस

क्रांती चौकातल्या बेकरीवाल्याचा फोन आला तेव्हा अंबिका परतूरकर चांगल्या मूडमध्ये होती. गेल्या तीन वर्षांत असा योग तिच्या वाट्याला फारसा आला नव्हता, म्हणून मुद्दाम सांगायचं.

"मॅडम, ऑर्डर मिली," बेकरीवाला म्हणाला. "एक जून. आधा किलोवाले केक, दोनसो एकतीस. सबपे नाम अलग अलग. एक बात पूछूं? आपके इधर शादी है क्या?"

अंबिका हसली. दोन-तीन केक असतील, यंत्रानं शून्यं-बिन्यं वाढवली असतील, बघून सांगते म्हणाली. तिनं कॉम्प्युटर उघडला. कॉम्प्युटरही दोनशे एकतीसच म्हणत होता. कंपनीत माणसं सहाशे चाळीस, आणि त्यातल्या दोनशे एकतीस जणांच्या आयांनी एकाच तारखेचा मुहूर्त साधला होता. तिचा चांगला मूड तिथंच संपला.

हे प्रकरण कळायचं तर कंपनी कळली पाहिजे. चिकलठाण्याच्या एमआयडीसीत गाड्यांच्या दारांची कुलपं बनतात तीच ही. तिचं खरं नाव लांबलचक आहे, पण आसपासच्या गावांत तिला सगळे ‘कुलूप कंपनी’ म्हणतात. जुने मालक होते तोवर ते शनिवारी शॉपमधून फेरी मारत, कुणाची म्हैस व्यायली, कुणाच्या पोरीचं जमलं, हे मशीनच्या आवाजावर ओरडून विचारत. कुणाच्या घरी मयत झाली तर मातीला कंपनीची जीप जायची आणि त्या जीपमध्ये माणसं अशी कोंबलेली असायची की मेलेल्याला बरं वाटावं. मग मालक थकले, पोरं परदेशात रमली आणि कंपनी एका बड्या समूहानं घेतली. समूहाचे असे अकरा कारखाने, मुख्य कचेरी गुडगावला.

जीप पहिल्याच महिन्यात विकली. चहाची सुट्टी सात मिनिटांची झाली. कुणाच्या घरी कुणी गेलं तर फोनवर निरोप येऊ लागला: आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत, हा संदेश आपोआप पाठवलेला आहे, कृपया उत्तर देऊ नये. हळूहळू माणसांनीही एकमेकांना उत्तर देणं सोडलं. कॅन्टीनमध्ये ज्याचा त्याचा डबा आणि ज्याचा त्याचा फोन. लाईनवर कुणी चक्कर येऊन पडला तर शेजारचा आधी बघायचा, हा आपल्या लाईनचा आहे का दुसऱ्या.

अंबिका या सगळ्याच्या मधोमध बसलेली. मनुष्यबळ विभागाची ती स्थानिक प्रमुख, एकोणीस वर्षांची नोकरी. स्वभावानं वाईट नव्हती, पण रोज एकच वाक्य बोलायची सवय लागली की जिभेला घट्टा पडतो. तिचं वाक्य होतं, "सिस्टीममध्ये बसत नाही." चैत्रात प्रेस शॉपचा कडूबा तिच्याकडं सुट्टी मागायला आला होता. चुलती वारली होती. सिस्टीममध्ये आई होती, वडील होते, नवरा-बायको-मुलं होती. चुलती नव्हती. अंबिकानं पडद्यावरून नजर न काढता ते वाक्य म्हटलं आणि कडूबा गेला. चौपन्न वर्षांचा माणूस, अर्ध्या कारखान्याला ज्यानं हाताला धरून काम शिकवलं तो. तेव्हापासून तो तिला ‘ताई’च्या जागी ‘मॅडम’ म्हणायला लागला, आणि त्याचं बघून बाकीचेही.

आता गुडगावला एक स्कोअर असतो. वर्षातून एकदा सगळ्यांच्या फोनवर प्रश्न येतात: तुम्हाला इथं काम करायला आवडतं का, इथं कुणाला तुमची काळजी आहे का, असे. कुलूप कंपनीचा स्कोअर तीन वर्षांत बहात्तरवरून एक्केचाळीसवर आला होता. मोठ्या साहेबांनी अंबिकाला स्वच्छ सांगितलं होतं, तीस जूनच्या पाहणीत साठच्या वर आला तर ठीक, नाहीतर इथला विभाग बंद करून सगळं काम गुडगावहून होईल. तिनं तिकडं यावं किंवा राजीनामा द्यावा. गुडगावला जायचं म्हणजे समर्थनगरच्या घरात आईला एकटं सोडायचं. भानुमतीबाई पंचाहत्तरीच्या, गुडघे गेलेले, आणि शहर सोडायचं म्हटलं की त्यांना ऐकू येईनासं व्हायचं. म्हणजे साठ आकडा गाठला तर नोकरी आणि आई दोन्ही, नाहीतर दोन्हीतलं एक.

म्हणून तिनं डोकं लढवून वाढदिवसाची योजना काढली. वाढदिवसाला प्रत्येकाला नावाचा केक, अर्ध्या दिवसाची सुट्टी, आणि त्याच्या साहेबानं त्याच्याजवळ दहा मिनिटं बसून कामाचं सोडून बोलायचं. तारखा सिस्टीमनंच नोंदींमधून उचलायच्या, तिनंच तीन दिवस आधी पत्र पाठवायचं आणि बेकरीला ऑर्डर द्यायची. मे महिन्यात नऊ वाढदिवस झाले, छान झाले. मग उजाडली एकोणतीस मे.

बेकरीवाल्याचा फोन ठेवते न ठेवते तोच नानासाहेब आत आले. उत्पादनाचे मुख्य, गंगापूरकडचे, घरचा ऊस, आवाजाला मशीनची सवय असल्यानं बंद खोलीतही शॉपमध्ये असल्यासारखे बोलणारे. एक जूनला पुण्याकडं चार ट्रक माल जायचा होता आणि त्यांची एक तृतीयांश माणसं जेवणानंतर घरी जाणार होती. हे त्यांनी दोनदा सांगितलं. मग फोन तिच्यापुढं धरला. पडद्यावर लिहिलं होतं: प्रिय नानासाहेब, एक जून हा दिवस खास आहे, कारण त्या दिवशी तुम्ही जन्मलात.

"तुमचाही एक जून?" अंबिका म्हणाली. "काय योगायोग आहे."

नानासाहेबांनी फोन खिशात टाकला. मग ती शाळेला कुठं होती ते विचारलं. शहरातच, असं ती म्हणाली. "मग बरोबर हाये," ते म्हणाले आणि कडूबाला विचारा एवढं सांगून निघून गेले.

तासाभरात गुडगावहून फोन. तिकडंही आकडा दिसला होता. संध्याकाळपर्यंत रद्द केल्याचं पत्र सगळ्यांना गेलं पाहिजे. अंबिकानं पत्र लिहिलं, ‘तांत्रिक कारणास्तव’ अशी सुरुवात केली आणि बोट बटणावर नेऊन थांबली. दोनशे एकतीस जणांना आज वाढदिवस द्यायचा आणि आजच काढून घ्यायचा, वर महिन्याभरानं विचारायचं की इथं कुणाला तुमची काळजी आहे का. साठ सोडाच, एक्केचाळीसही टिकला नसता. तिनं कॉम्प्युटर तसाच सोडला आणि बऱ्याच महिन्यांनी प्रेस शॉपच्या दिशेनं चालू लागली.

कडूबा चहाच्या सुट्टीत शेडच्या मागं उलट्या क्रेटवर बसला होता. ती दिसल्यावर उठला नाही, पण शेजारचा क्रेट पायानं थोडा पुढं सरकवला. अंबिका बसली. तिनं सरळच विचारलं की हे एक जूनचं काय गौडबंगाल आहे.

कडूबानं बशीत चहा ओतला. "आमच्या गावात मास्तर सायकलवर यायचा. जून लागला की पोरं गोळा करायचा. डोक्यावरून हात टाकून पलीकडचा कान धरता आला की पोरगं सहा वर्षांचं. जन्म कवाचा इचारलं तर माय सांगायची, पोळ्याच्या मागं-पुढं. मास्तर म्हणायचा, लिवा एक जून. माझ्या वर्गात बावीस पोरं व्हती. बावीसच्या बावीस एक जूनची."

अंबिकाला हसू आवरेना. समर्थनगरच्या मुलीला जन्मतारीख म्हणजे दवाखान्याचा दाखला, तास-मिनिटांसकट, वर पत्रिका. माणसाला तारीख मास्तर देतो हे तिच्या गावीही नव्हतं, आणि एकोणीस वर्षं या माणसांची कागदपत्रं तिच्याच कपाटात होती. हसू ओसरल्यावर तिनं विचारलं, "मग मामा, तुमचा खरा जन्म कधीचा?"

कडूबा बशी तोंडाशी नेता नेता थांबला. असं कुणी आजवर विचारलं नव्हतं हे त्याच्या तोंडावरच दिसलं.

"बहात्तरच्या दुष्काळातला," तो म्हणाला. "माय अन् चुलती खडी फोडायच्या कामावर व्हत्या. आखाजीचा, म्हंजी तुमच्या अक्षय तृतीयेचा, दुसरा दिवस. तिथंच झालो. चुलतीनं मला खडीच्या टोपल्यात घेतलं, लुगडं फाडून. दोघींचं त्या दिवशी कायबी काम झालं नाय, तरी मुकादमानं दोघींची पुरी हजेरी लावली. माय पुढं लवकर गेली. मला हे समदं चुलतीच सांगायची." मग त्यानं बशी खाली ठेवली. "तीच चुलती, मॅडम. चैतात गेली ती."

अंबिकाला एवढी लाज वाटली की मान वर करवेना. कुलूप कंपनीपेक्षा तो दुष्काळातला मुकादम जास्त शहाणा होता. चुकलं माझं, ती म्हणाली.

"व्हय, चुकलंच," कडूबा म्हणाला. त्यानं तिला माफबिफ काही केलं नाही, पण उरलेला चहा दुसऱ्या कपात ओतून तिच्यापुढं ठेवला.

मग तिनंही काही लपवलं नाही. वरून सुट्टी रद्द करायचा हुकूम आहे, माल अडकला आहे, आणि स्कोअर साठच्या खाली राहिला तर आपली नोकरी इथून जाते, सगळं सांगून टाकलं. कडूबा म्हणाला, अर्ध्या दिवसाच्या सुट्टीवर कुणी भरवसाच ठेवला नव्हता, कॉम्प्युटरचा खुळेपणा म्हणून पोरं सकाळपासून हसतायत. "पण त्या कागदात लिवलंय, साहेब धा मिनिटं बसून बोलत्याल. त्याचीच चर्चा चालूये. धा मिनिटं साहेब काय बोलत्याल म्हनून."

उठताना दोघांचं ठरलं. एक जूनला सगळे पुरी पाळी भरतील, ते कडूबा बघेल. सुट्टी ज्याला त्याला त्याच्या खऱ्या दिवशी मिळेल, ते अंबिका बघेल. खरा दिवस कुठला, हे ती एकेकाजवळ दहा मिनिटं बसून विचारेल. सिस्टीम दुसरी तारीख घेणार नव्हतीच, तिला पोळा आणि आखाजी कुठून कळणार. म्हणून अंबिकानं कोपऱ्यावरच्या दुकानातून तीनशे पानी वही आणली आणि एक पंचांग. रद्दचं पत्र तिनं पाठवलं नाही; एक जूनला पुरी हजेरी दिसली की गुडगावही विचारणार नव्हतं. बेकरीवाल्याला मात्र वीस किलो बिननावाच्या केकवर आणून ठेवलं. एक जूनला चारही ट्रक वेळेवर गेले आणि केक कॅन्टीनमध्ये पंधरा मिनिटांत संपला.

आणि मग तो जून महिना. रोज आठ-दहा जण. अंबिका कॅन्टीनच्या कोपऱ्यातल्या टेबलावर वही उघडून बसायची. पहिले दोन दिवस माणसं घाबरत आली. आधार कार्ड काढून ठेवायची, दाखल्याची झेरॉक्स आणू का विचारायची. तिसऱ्या दिवशी गाडी रुळावर आली.

पेंट शॉपचा बद्रीनाथ गंगापूरहून शहराकडं येणाऱ्या एसटीत जन्मला होता, आणि कंडक्टरनं आईला म्हटलं होतं, बाई, तिकीट एकच काढलंत, आता दोन माणसं उतरताय. हे ऐकून शेजारच्या टेबलावरचा एक जण उठून आला आणि तो कंडक्टर आपला आजोबा होता असं छातीठोक सांगायला लागला. खरं-खोटं देव जाणे, पण त्या दिवसापासून दोघं डबा एकत्र खातात. पॅकिंगची लक्ष्मीबाई संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, करीला जन्मलेली. करीचा दिवस वाईट, पोरगी अवलक्षणी म्हणतील, म्हणून आईनं दार लावून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गावाला सांगितलं की आत्ताच झाली. आख्ख्या जगात हे फक्त आईला आणि सुईणीला ठाऊक होतं. "आता तुमाला," लक्ष्मीबाई म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून लाजली, पन्नाशीची बाई. एकाच्या गावात तो जन्मला त्या दिवशी लाईट आली होती आणि बारसं बाजूला ठेवून सगळं घर बल्ब बघायला गेलं होतं.

कॅन्टीनचा रंग पालटला. लोक आपली पाळी नसताना ऐकायला येऊन बसू लागले. ज्यांना खरोखर तारीख होती असे चारशे जण हिरमुसले, आमचं काय म्हणायला लागले, तर कडूबानं त्यांना सांगितलं, तुमचं कागदावर हाये तेवढ्यावर भागवा. काहीजण रविवारी गावी जाऊन म्हाताऱ्या आत्याला, मावशीला विचारून आले. आपापल्या लाईनवर सात मिनिटांत चहा संपवणारी माणसं आता कपासाठी एकमेकांना हाका मारत होती. नानासाहेब सगळ्यात शेवटी आले, पाळी सुटल्यावर, इकडं-तिकडं बघून. त्यांची गोष्ट मोठ्या घरातली आणि मजेची होती, पण ती त्यांनी सांगू नका म्हटलं आहे, म्हणून इथं सांगत नाही. वर्ष मात्र कागदापेक्षा दोननं आधीचं होतं.

एकाचं पान तिला लिहवेना. पुंजाराम नावाचा फिटर, मितभाषी. तो म्हणाला, माझं एक जूनच राहू द्या. का, तर तो जन्मला त्याच दिवशी माय गेली. घरात तो दिवस तिचा, त्या दिवशी तिच्या नावानं पान वाढतात. "मास्तरनं दिलेला दिवस बरा हाये, ताई. त्या दिवशी कुणी मेलं नाय." अंबिकानं एक जून लिहिलं आणि डोळे पुसायला पंचांग तोंडापुढं धरलं. दहा मिनिटं झाली होती, पण तिनं दोघांसाठी चहा मागवला.

तीस जूनची पाहणी झाली. जुलैत निकाल आला, अठ्ठ्याहत्तर. अकरा कारखान्यांत पहिला. गुडगावहून अभिनंदनाचं पत्र आलं, मोठ्या साहेबांनी व्हिडिओवर टाळ्या वाजवल्या. अंबिकानं येताना पेढे आणले, भानुमतीबाईंनी देवापुढं ठेवले आणि गुडगाव कुठं आहे ते त्या पहिल्यांदाच मोकळेपणी विचारत्या झाल्या.

पण दिवस फिरायला वेळ लागत नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी, बैलांच्या खांदेमळणीला, नऊ जण अंबिकाच्या सहीचा गेटपास घेऊन जेवणानंतर घरी गेले. वहीत नऊ जण त्या दिवशीचे होते, त्याला ती तरी काय करणार. गुडगावच्या तपासनिसाला मात्र ते नऊ पास दिसले, मागचे तीसेक दिसले, आणि कुठल्याच पासाची तारीख कुणाच्याच जन्मतारखेशी जुळेना. अंबिकाकडं खुलासा मागितला गेला. जून महिन्यात ती काहीतरी लिहून घेत होती अशी माहिती आहे, ती वही स्कॅन करून पाठवावी, आणि परवा व्हिडिओवर हजर राहावं.

अंबिका निर्धास्त होती. वही वाचली की तिकडचेही विरघळतील असं तिला वाटत होतं. ती पहिलं पान यंत्रावर ठेवणार एवढ्यात नानासाहेब आत आले आणि त्यांनी दार लावलं. पहिल्यांदाच ते हळू बोलले. पंचावन्नच्या पुढच्या लोकांची यादी बनते आहे, दिवाळीच्या आत त्यांना काढायला निमित्त हवं आहे. "वहीत चौदा जण कागदापेक्षा वयानं मोठे हायेत, मॅडम. त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं, तुमच्या अक्षरात हाये. खोटी तारीख देऊन नोकरी धरली, एवढं एक वाक्य पुरतं." त्या चौदांतला एक कोण, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. तुमचं तुम्ही बघा, म्हणाले आणि गेले.

अंबिकानं वही मिटली. वही पाठवली तर तिची नोकरी वाचत होती आणि चौदा जणांची जात होती. त्या चौदांनी वय सांगितलं ते सिस्टीमला सांगितलं नव्हतं. कुणीतरी विचारतंय म्हणून सांगितलं होतं. तिला भीती वाटली, खरंच वाटली, रात्री भाजीत मीठ दोनदा पडलं. पण ठरवायला मात्र फार वेळ लागला नाही.

व्हिडिओवर तीन चौकोनांत तीन साहेब होते. अंबिका म्हणाली, "कुणीही मला काही सांगितलेलं नाही. सगळे एका दिवशी सुट्टीवर जाऊ नयेत म्हणून तारखा मी मनानं वाटल्या. चूक माझी आहे." वहीबद्दल विचारल्यावर म्हणाली, कच्चं टिपण होतं, टाकून दिलं. वही त्या वेळी लक्ष्मीबाईच्या पिशवीत, भाकरीच्या फडक्याखाली होती.

तिघं जरा वेळ आपसांत बोलले. मग मोठे साहेब अतिशय सभ्यपणे म्हणाले की हे दुर्दैवी आहे, नोंद करावी लागेल, पण तसा त्यानं फारसा फरक पडत नाही. विभाग गुडगावला हलवायचं तर मार्चमध्येच ठरलं होतं. अंबिकानं विचारलं, मग साठचं काय? स्कोअर? साहेब गोंधळले. स्कोअर तर दरवर्षीच होतो, म्हणाले.

तिनं दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. रडली, चिडली, आणि मग तिला एकदम हलकंही वाटलं. चौदा जण आपापल्या जागी होते, यादीवाल्यांना निमित्त मिळालं नव्हतं. एमआयडीसीतच एका लहान कारखान्यात काम मिळावं म्हणून नानासाहेबांनी शब्द टाकला होता. पगार कमी, पण घर तेच.

शेवटच्या दिवशी ती कपाट आवरत असताना कडूबा आला. हातात वही, कुंकवाचं बोट लावलेली, आणि कानावर पेन. खुर्ची ओढून टेबलाच्या अलीकडं, साहेबाच्या बाजूला बसला आणि शेवटचं कोरं पान उघडलं.

"तुमचं राह्यलंय, ताई. सांगा."

अंबिका हसली. एकोणीस नोव्हेंबर, एक्क्याऐंशी, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटं, तिनं धडाधड सांगितलं. दाखला आहे, पत्रिकाही आहे.

कडूबानं काहीच लिहिलं नाही. "ते कागदावरचं झालं. त्या दिवशी काय झालं व्हतं?"

अंबिकानं हातातली फाईल खाली ठेवली. तिला माहीत नव्हतं. दोनशे एकतीस माणसांच्या जन्माच्या गोष्टी तिला तोंडपाठ होत्या, आणि आपली एका ओळीचीही येत नव्हती. चव्वेचाळीस वर्षांत तिनं कधी विचारलं नव्हतं. कडूबानं वही मिटून तिच्या पिशवीत ठेवली. इचारून लिवा, म्हणाला.

घरी भानुमतीबाई मालिका बघत बसल्या होत्या. अंबिकानं चप्पलही नीट काढली नाही, आईजवळ जमिनीवर बसली आणि विचारलं. भानुमतीबाईंनी तिच्याकडं पाहिलं, रिमोट शोधला, टीव्ही बंद केला.

"तुझे बाबा नांदेडला होते," त्या म्हणाल्या. "पहाटे मला कळा सुरू झाल्या आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. तेवढ्यात हर्सूलचा बन्सी दूधवाला आला, टांगा घेऊन. त्यानं काही विचारलं नाही, दुधाचे कॅन उतरवले आपल्या ओट्यावर आणि मला टांग्यात घातलं. दुपारपर्यंत दवाखान्याच्या पायरीवर बसून होता. त्या दिवशी आपल्या आख्ख्या गल्लीला दूध नाही. तान्ही पोरं होती घराघरात, पण ओट्यावरच्या कॅनला कुणी हात लावला नाही."

"मग? रागावले असतील ना त्याला."

"दुसऱ्या दिवशी तो आला तर दूध घ्यायच्या आधी प्रत्येक दारात त्याला एकच विचारलं, काय झालं? आणि तो प्रत्येक दारात टांगा थांबवून सांगत होता, लेक झाली आपल्याला."

अंबिकाला पुढं ऐकू येईना. तिनं पिशवीतून वही काढली, आईच्या गुडघ्यावर टेकवली आणि लिहायला घेतलं.